‘कारंजा’ फॉन्ट: चौथ्या महिन्याची नोंद

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील जुन्या, हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुरू केलेल्या ‘कारंजा’ या फॉन्टची मूळ अक्षरे आणि नेहमी लागणारी जोडाक्षरे या महिन्यात पूर्ण झाली. पेंटरने चपट्या ब्रशने ओढलेला काना वर भरदार असतो आणि तळाशी किंचित गोल होतो. फॉन्टचा सगळा खेळकरपणा त्या गोलाव्यात आहे, म्हणून फॉन्टमध्ये अक्षर ज्यात मोजतात त्या १००० युनिटांच्या चौकटीत काना २३० आणि शिरोरेखा १२० युनिट जाडीची ठेवली आहे.

या जाडीने सर्वांत जास्त अडवले ते ‘द्राक्ष’ या शब्दात, आणि नाशिकच्या फॉन्टला तो शब्द टाळून चालणार नाही. छोट्या आकारात छापले की ‘क्ष’च्या गाठीतील पोकळी शाईने भरते, शेवटी तेवढ्या जागी रेघ बारीक करावी लागली. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाच्या ‘मोदक’ या फॉन्टमध्ये पोकळ्या जेमतेम फटींएवढ्या उरतात, तरी अक्षर ओळखू येते, हे पाहून धीर आला. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सुरुवातीपासूनच घेतले होते. ‘ऱ्य’ मात्र तीनदा काढला, कारण तो नीट नसेल तर ‘आचाऱ्यांची मिसळ’ आणि ‘आचार्यांची मिसळ’ यांत फरकच उरणार नाही.

मोठी चूक फ्लेक्सवर कळली. शेजारची अक्षरे शिरोरेखेच्या टोकाशी एकमेकांवर १० युनिट चढवलेली आहेत, नाहीतर पडद्यावर जोडाशी केसाएवढी फट दिसते. एका ओळखीच्या मिसळवाल्यांच्या फलकासाठी छपाईवाल्याने लाल अक्षरांना पिवळी किनार दिली आणि प्रत्येक जोडावर उभी पिवळी रेघ उमटली. अक्षरांचे आधी आकारांत रूपांतर करून ते एकसंध केले आणि त्यानंतर किनार दिली की हा दोष राहत नाही. जुन्या धाटणीच्या फॉन्टला किनार आणि सावली लागतेच, त्यामुळे ही सूचना फॉन्टसोबतच द्यायचे ठरवले आहे.

वापराबद्दल माझे मत पक्के झाले आहे. दुकानाची पाटी, गणेश मंडळाची कमान, चिवड्याच्या पाकिटावरचे नाव, नाटकाच्या जाहिरातीतील शीर्षक अशा दोन-तीन शब्दांच्या मजकुरात तो उठून दिसतो. पत्ता, दर आणि वेळ यांसाठी मात्र साधा, बारीक फॉन्टच घ्यावा. लग्नपत्रिकेतील पूर्ण मजकूर मी त्यात लावून पाहिला; चौथ्या ओळीला डोळा थकतो.

सध्या सावलीचा स्वतंत्र थर काढतो आहे. मी नमुन्याला घेतलेल्या पाट्यांवर सावली उजवीकडे खाली पडते. त्या हिशेबाने ‘मिसळ’मधील पहिल्या वेलांटीची सावली थेट शिरोरेखेवर येते आणि ‘मि’ जड दिसतो. तेवढ्यासाठी वेलांटीची कमान ४० युनिट वर उचलून पाहत आहे.