साडेसहाचं बोलावणं, नऊची बोट

खाडीत बोटीनं फिरायला जायचं असेल तर आधी कालनिर्णयमध्ये तिथी बघा, मग पैसे भरा. आम्ही ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला नवी मुंबईच्या बाजूच्या एका कोळीवाड्याच्या जेट्टीवरून गेलो होतो. बुकिंग झालं, पैसे गेले, सगळं पटापट. माझा राग आहे तो आयोजकाच्या एकाच ओळीवर: "रिपोर्टिंग सकाळी 6:30 शार्प".

डिसेंबर महिना, रात्रीपासून अवकाळीची रिपरिप, ठाण्यात कधी नव्हे ते स्वेटर बाहेर निघालेले. जेट्टीवर छत्रीचा काही उपयोग नाही, वारा ती उलटी करतो. रेनकोट न्या आणि लाइफ जॅकेट त्याच्यावरून चढवा.

पोहोचलो तर खाडीत पाणीच नाही! समोर नुसता चिखल आणि त्यात आमची बोट एका कुशीवर कललेली. त्या दिवशी अमावास्या. भरतीचा ढोबळ हिशोब किनाऱ्यावर कुणीही सांगेल, तिथीला पाऊणने गुणायचं, येते ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या पंधरावी म्हणून सव्वाअकरा. खाडीत आत पाणी चढायला त्याहून थोडा उशीर. म्हणजे साडेसहाला पाणी तळाला गेलेलं. शिवाय उधाणाचे दिवस, तेव्हा ओहोटीही तेवढीच खोल जाते. हे बोटीचा धंदा करणाऱ्याला ठाऊक नसेल? विचारलं तर म्हणतो, "मॅडम, लोक उशिरा येतात, म्हणून लवकरची वेळ देतो." मग वेळेवर येणाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं?

आडोसा म्हणाल तर जाळी ठेवायच्या शेडची वळचण. तिथेच थरथरत फॉर्म भरायचे. कागद ओलसर, बॉलपेन उमटेना, आधार कार्डाची झेरॉक्स हाताला चिकटलेली. (प्लास्टिकच्या पिशवीतून न्या.) एका आजोबांनी "पोहता येतं का?" या रकान्यात "येत होतं" असं लिहिलं. सकाळभरात हसू आलं ते तेवढंच. दर दहा मिनिटांनी कुणीतरी नाखवांना विचारायचं आणि ते शांतपणे म्हणायचे, "पानी चढू दे ताई, मंग जाऊ." त्यांचा काय दोष? आयोजक गाडीत काचा वर करून बसला होता. त्याच्या माहितीपत्रकात 2015 चं अभयारण्य आणि 2022 चा रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मोठ्या अक्षरांत आहे, भरतीची वेळ तेवढी नाही.

चहा थर्मासमधून घरूनच न्या, तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

नऊ वाजून गेल्यावर बोट एकदाची सरळ झाली. पुढचं सगळं छान. पाणी अर्धं चढलेलं असताना चिखल थोडाच उघडा उरतो, त्यामुळे चरणारे फ्लेमिंगो कडेला सरकतात आणि जवळून दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की उठून जातात. म्हणजे निघायची खरी वेळ नऊचीच होती! हे कळल्यावर माझा पारा आणखी चढला. लोकांना साडेआठला बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं?

कॅमेरेवाले पुढच्या फळीसाठी धक्काबुक्की करतात, त्यांना बसू द्या. पावसाचा मारा पुढेच जास्त. आम्ही मागे इंजिनाशेजारी बसलो. डिझेलचा वास येतो, पण पाय गरम राहतात.