नव्या घरासाठी हत्यारे जमवताना

घराच्या चाव्या हाती आल्या त्याच आठवड्यात मी शंभराहून अधिक नगांची एक तयार हत्यारपेटी विकत घेतली. प्रत्येक वस्तूला तिची जागा नेमून दिलेली होती, त्यामुळे आता किरकोळ कामासाठी कुणाची वाट पाहावी लागणार नाही, असे मनापासून वाटले. आज दीड वर्षानंतर त्या पेटीतल्या जेमतेम सहा-सात वस्तू वापरात आहेत. घरातली बहुतेक कामे ज्यांच्यावर चालतात ती हत्यारे मी नंतर, ज्या त्या कामाची गरज कळल्यावर, एकेक करून घेतली.

सुरुवात कपाटाच्या बिजागरीपासून झाली. दार खाली उतरले होते आणि स्क्रू आवळायचा होता, म्हणून पेटीतला हाताला लागला तो स्क्रूड्रायव्हर मी अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेत घातला. तो एक माप लहान होता. टोक खाचेत डळमळत होते, जोर लावला की बाहेर निसटत होते, आणि असे तीन-चार वेळा झाल्यावर खाचेच्या कडा झिजून तिथे एक गुळगुळीत वाटी तेवढी उरली. शेवटी रुंद रबर बँड खाचेवर ताणून धरला, त्यावरून योग्य मापाचे टोक दाबले आणि सावकाश फिरवून तो स्क्रू काढला. या खाचेच्या, म्हणजे फिलिप्स (पीएच) स्क्रूड्रायव्हरना क्रमांक असतात हे मला तेव्हा समजले: घरातल्या बहुसंख्य स्क्रूंना पीएच 2 लागतो, लहान स्क्रूंना पीएच 1. टोक खाचेत घालून हलकेच हलवून पाहावे; ते हलत असेल तर मोठे टोक घ्यावे. कडक पोलादी टोकाचे आणि तळहातात भरणाऱ्या मुठीचे असे चार स्क्रूड्रायव्हर, दोन अधिकच्या चिन्हाचे आणि दोन चपटे, मला आजवर पुरले आहेत.

मोजपट्टीच्या बाबतीत मी उलटी चूक करणार होते. पाच मीटरच्या टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा सैल आहे, असे पाहून तो ठोकून घट्ट करायला मी हातोडी उचलली होती. पण नीट निरखल्यावर दिसले की आकड्याच्या रिव्हेटची भोके मुद्दामच लांबट ठेवलेली आहेत. फळीच्या कडेला आकडा अडकवून ओढले की तो स्वतःच्या जाडीएवढा बाहेर सरकतो आणि भिंतीला टेकवून दाबले की तेवढाच आत जातो, त्यामुळे दोन्ही मापे अचूक येतात. इतक्या साध्या वस्तूत कुणीतरी इतका विचार करून ठेवला आहे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

नळ गळू लागला तेव्हा पान्हा घ्यावा लागला. तोंड लहान-मोठे करता येणारा, साधारण 250 मिलिमीटर लांबीचा एकच पान्हा घरगुती नळकामाला पुरतो. मात्र जबडा नटवर घट्ट बसवावा आणि जोर असा लावावा की त्याचा भार हलत्या जबड्यावर न येता स्थिर जबड्यावर येईल. सैल पान्ह्याने नटचे कोपरे झिजतात, आणि मग त्याला कोणताच पान्हा बसत नाही. नळाचे वॉशर बदलायला काही मिनिटेच लागली. खरा वेळ गेला तो पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधण्यात आणि तो जाम झालेला सोडवण्यात. नव्या घरात पहिली हत्यारे घेण्याआधी हा व्हॉल्व्ह आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे हे पाहावे आणि दोन्ही बंद करून पाहावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

ड्रिल मात्र मी मुद्दाम उशिरा घेतले. पहिल्या दोन फळ्यांसाठी ते शेजाऱ्यांकडून आणले आणि गरज वारंवार पडते आहे याची खात्री झाल्यावरच स्वतःचे घेतले. विटांच्या भिंतीला हॅमरची, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याची, सोय आणि कार्बाइड या कठीण पदार्थाच्या टोकाचे बिट (भोक पाडणारी सळई) लागते. भिंतीत स्क्रू पकडून ठेवणाऱ्या 6 मिलिमीटरच्या प्लगला 6 मिलिमीटरचेच बिट वापरावे; भोक किती खोल हवे ते कळण्यासाठी मी बिटावर चिकटपट्टी गुंडाळते. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत मी भोक पाडत नाही, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषांतून जातात. भिंतीला भोक पाडताना डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असतोच.

हातोडी, पक्कड, हॅक्सॉ, अ‍ॅलन कीचा (षटकोनी खाचेच्या स्क्रूंच्या चाव्यांचा) संच आणि पाणसळ यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. पाणसळ घेताना एकच करावे: ती सपाट जागी ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे, मग तिची टोके अदलाबदल करून त्याच जागी ठेवावी, बुडबुडा तिथेच आला नाही तर ती परत करावी.

ती मोठी पेटी आता माळ्यावर आहे. रोजची हत्यारे कापडी पिशवीत दाराजवळच्या कप्प्यात असतात, आणि पिशवीच्या कप्प्यात एक कागद आहे: खिडक्यांची मापे, नळांच्या वॉशरचे आकार, कोणत्या भिंतीत कोणत्या मापाचा प्लग बसवला, व्हॉल्व्ह शेवटचा कधी फिरवून पाहिला. परवाच त्यावर न्हाणीघराच्या दाराच्या कडीच्या स्क्रूची लांबी लिहिली.