सुपरमॅनला घर आठवतं

सुपरमॅनची मूळ गोष्ट तुम्हाला पाठ आहे. क्रिप्टॉन फुटायच्या बेतात असतो, आईबाप तान्ह्या पोराला यानात घालून पाठवून देतात, ते कॅन्ससच्या शेतात उतरतं आणि केंट नवराबायको त्याला आपलं म्हणून वाढवतात. त्या पोराला पहिलं घर आठवत नाही, कारण ते आठवायचं वयच नव्हतं. बुधवारी, 6 नोव्हेंबर 2024 ला 'ॲब्सोल्यूट सुपरमॅन' या नव्या कॉमिकचा पहिला अंक आला. लेखक जेसन ॲरन यांनी नेमकं तेच बदललंय, आणि अंक वाचल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही.

या अंकातला काल-एल, म्हणजे आपला सुपरमॅनच, क्रिप्टॉनवर शाळेत जाणारा मुलगा आहे. त्याला वर्ग आहे, शिक्षक आहेत, कामावरून दमून येणारे आईवडील आहेत. म्हणजे पृथ्वीवर येताना तो हे सगळं डोक्यात घेऊन आलाय. प्रकाशकांनी जाहिरातच अशी केली होती की याच्याकडे किल्ला नाही, कुटुंब नाही, घर नाही. ते खरंच आहे, पण माझ्या मते त्याच्याकडे जुन्या सुपरमॅनपेक्षा एक गोष्ट जास्त आहे. तो काय गमावून बसलाय हे त्याला माहीत आहे.

आमची लेक तीन महिन्यांची असताना आम्ही तिला घेऊन क्लीव्हलंडला आलो. ती जुना सुपरमॅन आहे. एरी तळ्यावरून येणारा बर्फाचा वारा तिला अंगचा वाटतो, आणि इचलकरंजी म्हणजे आजीचं गाव, उन्हाळ्यात जायचं ठिकाण. तिचं काही चुकत नाही. मी मात्र तिशीत आलो, म्हणजे गाव, गल्ली, माणसं, भांडणं सगळं पूर्ण झाल्यावर. इतकी वर्षं स्थलांतरितांचा नायक म्हणून सुपरमॅनचं नाव घेतलं जायचं तेव्हा मी मान डोलवायचो, पण आत कुठेतरी वाटायचं की हे माझ्या मुलीबद्दल आहे. हा अंक माझ्याबद्दल आहे.

आता सुपरमॅनच्या छातीवरच्या त्या 'एस'बद्दल. आजवर ती एल घराण्याची खूण होती, थोर शास्त्रज्ञांचं खानदान. इथे ती क्रिप्टॉनवरच्या कष्टकरी वर्गाची खूण आहे. काल-एलचे आईवडील त्या वर्गातले, वरचे लोक वेगळे, आणि कोण कुठल्या पायरीवर हे जन्मापासून ठरलेलं. अमेरिकन वाचकाला हे समजून घ्यायला थोडी कल्पना लढवावी लागत असेल. आपल्याला नाही, आपल्याकडे आडनाव सांगितलं की काम होतं.

माझे आबा यंत्रमागावर कामाला होते. आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या खडखडाटात बारा बारा तास काढलेला माणूस घरीही मोठ्यानंच बोलतो. आमच्या गल्लीत सगळेच तसं बोलायचे, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नसे. रात्रपाळी करून सकाळी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांना, कानाच्या पाळ्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि ते चुलीपाशी बसून आधी चहा प्यायचे, मग तोंड धुवायचे. चित्रकार राफा सँडोवल यांनी या सुपरमॅनला पाठीवरची कापडी केप दिलेलीच नाही. त्याच्या खांद्यांवरून लाल धुळीचा लोट मागे वाहत जातो. तो खाणीत राबणाऱ्या मजुरांमध्ये उभा आहे आणि अंगावर धूळ आहे, तीच त्याची शान. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. कामावरची धूळ अंगावर घेऊन घरी येणारा माणूस मी लहानपणी रोज पाहिलाय, पण त्याला कुणी नायक म्हणून काढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शाळेतला प्रसंगही असाच लागला. काल-एल निबंध स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि त्यावरून अडचणीत येतो, कारण तिथे लिहिण्याचं काम यंत्राने करायचं असतं. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, तेव्हा या विषयावर मी जास्त बोलू नये हे बरं. एवढंच सांगतो की लेकीला ते पान मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि ती म्हणाली, "बाबा, हे खरंच असं होणार आहे." तिला सुपरमॅनचा पोशाख जास्त आवडला.

अंक आला तो दिवसही लक्षात घ्या. आदल्या दिवशी इथली अध्यक्षीय निवडणूक झाली होती. सप्टेंबरपासून आमच्याच ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हैतीहून आलेल्या लोकांबद्दल काय काय खोटं पसरवलं गेलं ते तुम्ही तिकडे बातम्यांत पाहिलंच असेल. कोण जिंकलं, कोण हरलं यावर मला इथे लिहायचं नाही. तुमच्याकडेही तेव्हा वीस तारखेच्या विधानसभेच्या मतदानाची धामधूम होती, तुम्हाला तेवढं पुरे. पण त्या संध्याकाळी ऑफिसातून निघालो तेव्हा गाडीत रेडिओ लावायची इच्छा नव्हती. घड्याळं नुकतीच एक तास मागे गेलेली, त्यामुळे साडेपाचलाच काळोख. घरी फराळाचे डबे अजून संपलेले नव्हते. मी सरळ कॉमिकच्या दुकानात गेलो.

इथे नवे अंक बुधवारी येतात. नेहमीचं गिऱ्हाईक असलं की दुकानदार त्याच्या नावाची यादी ठेवतो, तिला पुल लिस्ट म्हणतात, आणि यादीतला अंक आला की तो बाजूला काढून ठेवतो. हा अंक माझ्या यादीत नव्हता. संध्याकाळपर्यंत मांडणीवरच्या सगळ्या प्रती संपल्या होत्या. काउंटरवरच्या माणसाने मला पाहिलं, खाली वाकला आणि माझ्या नावाचं पाकीट वर ठेवलं. आत पुठ्ठ्याला टेकवून, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला तो अंक. "हा तुला लागणार असं वाटलं," म्हणाला. पैसे घेतले, 4.99 डॉलर आणि वर कर. पाकिटावर माझं मराठी नाव होतं आणि त्यातलं एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. ज्या दिवशी या देशाला आपण हवे आहोत की नको हे कळेनासं झालं होतं, त्या दिवशी एका माणसाने मी न सांगता माझी आठवण ठेवली.

लगेच हेही सांगतो, म्हणजे इकडचंच सगळं ग्वाड असं कुणी समजू नये. एसटी स्टँडवरचा आमचा पेपरवाला मराठीतलं इंद्रजाल कॉमिक्स आलं की माझ्यासाठी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवायचा, आणि पैसे नसले तर पुढच्या आठवड्यात दे म्हणायचा. ही माणुसकी मी अमेरिकेत शिकलो नाही. वेताळाचं, म्हणजे फँटमचं, डेंकालीचं जंगल आणि कवटीची गुहा मला त्यानेच दाखवली. एकवीस पिढ्या बापाकडून मुलाकडे जाणारं ते पद, जंगलातले सगळे त्या गोऱ्या माणसाला नमून असलेले, हे त्या वयात खटकलं नव्हतं. आता खटकतं. म्हणूनही या 'एस'ची किंमत मला जास्त वाटते. हा नायक गादीवर बसलेला नाही.

क्लीव्हलंडमध्ये राहून हा अंक वाचण्याला आणखी एक अर्थ आहे, आणि त्याबद्दल मला थोडं लांब लिहू द्या. सुपरमॅन जन्माला आला तो याच शहरात. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही ग्लेनव्हिल भागातली दोन ज्यू मुलं, दोघंही 1914 सालची, स्थलांतरितांच्या घरातली. जेरीच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. 1932 साली तिथे चोर शिरले आणि त्या प्रसंगात वडील गेले. या पोरांनी पुढे गोळ्यांनी न मरणारा माणूस रचला. 1938 साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो छापून आला आणि त्याचे सगळे हक्क प्रकाशकाने 130 डॉलरला घेतले. एकशे तीस! त्यानंतर कोर्टकचेऱ्या, हालअपेष्टा, आणि मग 1975 साली, सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना, दोघांना पेन्शन आणि कॉमिकवर नाव मिळालं. ते 130 डॉलर ज्यात होते तो 412 डॉलरचा चेक 2012 साली लिलावात 1,60,000 डॉलरला गेला. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या त्या पहिल्या अंकाची एक जपलेली प्रत 2024 च्या एप्रिलमध्ये 60 लाख डॉलरला गेली. कागद जपणाऱ्यांनी कमावलं ते चित्र काढणाऱ्याला आणि गोष्ट लिहिणाऱ्याला कधी मिळालं नाही. याचा मला प्रत्येक वेळी नव्याने राग येतो, आणि तो येत राहावा असंच वाटतं.

जेरीचं घर किंबर्ली ॲव्हेन्यूवर अजून उभं आहे. लोकांनी पैसे गोळा करून 2009 साली ते दुरुस्त केलं. आत लोक राहतात, म्हणून रस्त्यावरूनच बघायचं. शुस्टर राहायचा ती इमारत गेली, पण त्या जागेच्या कुंपणावर पहिल्या गोष्टीची पानं मोठी करून लावली आहेत, चालत चालत वाचता येतात. पाहुणे आले की मी त्यांना रॉक अँड रोलच्या संग्रहालयाआधी तिथे नेतो. नव्या अंकातही बारीक टाइपात ती ओळ आहेच: सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर, जेरी सीगल यांच्या कुटुंबाशी झालेल्या खास कराराने. कष्टकऱ्यांची खूण छातीवर घेतलेल्या सुपरमॅनच्या अंकात ही ओळ वाचताना पहिल्यांदा ती मला नुसती कायदेशीर वाटली नाही.

आणि आपल्याकडे? इंद्रजालची ती भडक, देखणी मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांची. इंद्रजालमधला आपला देशी नायक बहादूर रचला आबिद सुरतींनी. ही नावं मला थोरपणी कळली, तीही इथे बसून. तेव्हा अमेरिकेने कलावंताला छळलं म्हणून नाक मुरडायचा अधिकार आपल्याला कितपत आहे, मला शंका आहे. पण इथल्यांनी निदान कुंपणावर पानं लावली.

अंकाचं सगळंच आवडलं असं नाही. मूळ गोष्टीतली पत्रकार लोइस लेन इथे लाझरस नावाच्या बलाढ्य कंपनीसाठी काम करते, आणि ब्राझीलच्या खाणीत मजुरांना चिरडणारी कंपनी तीच. पत्रकार लोइस काढून घेतली तर सुपरमॅनच्या जगातलं अर्धं सत्य जातं. ॲरन तिला पुढे आणतील असा माझा भरवसा आहे, पण आज ते पटत नाही.

काल थोरल्या दादाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना हे सगळं सांगत होतो. तो म्हणाला, "पन्नाशीला आलास, अजून चित्रांची पुस्तकं?" आणि मग जरा थांबून, "तुझं क्रिप्टॉन काय फुटलेलं नाही. तिकीट काढलं की येता येतं." त्याचं बरोबर आहे. इचलकरंजी जागेवर आहे, बरेच माग आता बिनधोट्याचे झालेत, आपली गल्ली रुंद झालीय. मला कुणी यानात घातलं नव्हतं, मी माझ्या पायांनी आलो. पण आबांनीच मला कारखान्याच्या दारातून परत पाठवलं होतं, या आवाजात तू राहायचं नाहीस म्हणून. जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, असंही तेच म्हणाले. मी गेलो. यात सोडून जाणं किती आणि ऐकणं किती, हे दादाला फोनवर सांगता आलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात रात्री उशाला दादा होता, मी नव्हतो, म्हणून त्याच्याशी या विषयावर मी आवाज चढवत नाही.

दुसरा अंक डिसेंबरात येतो. या वेळी यादीत नाव घालून आलोय आणि दोन प्रती सांगितल्यात. पहिल्या अंकाचीही एक जादा प्रत दुकानदार मागवून देतोय. जानेवारीत इथलं एक कुटुंब कोल्हापूरला जाणार आहे, त्यांच्याबरोबर दोन्ही अंक दादाकडे पाठवतो. त्याने आधी शाळेतलं ते पान वाचावं, मग मला काय म्हणायचं ते म्हणावं.