हडसन स्ट्रीटवरची बस

न्यूयॉर्कला बारा दिवस होते, भाचीकडे, जर्सी सिटीत. अकरा दिवस सगळे बघतात तेच बघितलं, गर्दी सोसली, पाय दुखले, त्यावर लिहीत नाही. बाराव्या दिवशी सकाळी एकटीच पाथ ट्रेन पकडून वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरले आणि हडसन स्ट्रीटने उत्तरेकडे चालायला लागले. 161 नंबरची इमारत शोधायची होती.

1999 मध्ये वायटूकेच्या, म्हणजे 2000 साल उजाडताना संगणकांत तारखांचा घोळ होऊ नये म्हणूनच्या, कामासाठी मी याच भागात होते. ऑफिसातली मैत्रीण एका रात्री मला या इमारतीतल्या वेटलँड्स प्रिझर्व्ह नावाच्या गाण्याच्या क्लबला घेऊन गेली, वेटलँड म्हणजे पाणथळ जागा, त्यामुळे नाव ऐकून मला वाटलं पक्षी बघायची जागा असेल. आत बघते तर अंधार, घाम, भिंतीवर रंगवलेलं भलंमोठं चित्र आणि गाण्याच्या जागेतच उभी एक फोक्सवॅगनची बस! एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं, गाणारे थांबायचंच नाव घेत नव्हते. फिश, ब्लूज ट्रॅव्हलर, स्पिन डॉक्टर्स हे बँड मोठे व्हायच्या आधी इथे वाजवून गेलेले, हे मला नंतर कळलं.

मला मात्र लक्षात राहिली ती बस. तिथे माहितीपत्रकं मांडलेली, वर्षावनं, धरणं, कागदासाठी तोडली जाणारी झाडं, आणि एक मुलगी गाण्याच्या आवाजावरून ओरडून मला विचारत होती, तुझ्या गावाजवळ पाणथळ जागा आहे का? मी उरणची. खाडी, मिठागरं, तिवरांची रांग, चिखलात उड्या मारणारे निवटे, सगळं घराच्या मागे, आणि मी तिला चक्क 'नाही' म्हणाले! कारण आमच्याकडे त्याला कुणी पाणथळ म्हणत नव्हतं, चिखल म्हणायचे, आणि चिखलात भराव टाकला की प्रगती झाली असं मीही मानत होते. ते 'नाही' मला आजही टोचतं.

हा क्लब लॅरी ब्लॉकने 1989 साली काढला. त्याच वर्षी आमच्याकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं. ब्लॉकने पर्यावरणाचं काम क्लबच्या कमाईतूनच चालवलं, त्यासाठी पगारी माणूस ठेवला, दर आठवड्याला फुकट बैठका घेतल्या. पुढे पीटर शापिरो या विशीतल्या मुलाला क्लब दिला तोसुद्धा हे काम चालू ठेवायचं या अटीवर. माझ्या मते नुसतं गाणं विकणाऱ्या शंभर क्लबांपेक्षा हे फार मोठं आहे.

इमारत सापडली. वर महागडे फ्लॅट, खाली चकचकीत दरवाजा. मी दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं, मला तरी एक पाटीसुद्धा दिसली नाही. इतका राग आला की काय सांगू, गायकाच्या घरावर पाटी लावतात, या जागेवर का नाही? 2001 मध्ये इमारत विकली गेल्यामुळे क्लब बंद होणारच होता, निरोपाचे कार्यक्रम ठरलेले होते आणि 11 सप्टेंबर झालं. ट्विन टॉवर तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. क्लब बंदच राहिला, निरोपाच्या त्या शेवटच्या रात्री झाल्याच नाहीत.

फुटपाथवर उभी राहूनच वहिनीला फोन लावला, उरणला तेव्हा संध्याकाळ होती. पाणजे ही आमच्या उरणची पाणथळ जागा.

"वहिनी, पाणजेला फ्लेमिंगो आलेत का गं?"

"भरतीचं पाणीच आत येत नाही, तर कुठनं येणार? आणि तू अमेरिकेतनं हे का विचारतेस?"

तिला बसची गोष्ट सांगायला घेतली. संपेपर्यंत माझ्या फोनची बॅटरी गेली.