डेल हॉलोचा थंडीतला बास: पहाटे जाऊ नका, आणि रॅम्प आधी पायी उतरून बघा

"थंडीत बास धरायचा तर उजाडायच्या आत पाण्यावर पाहिजे," असं मला चार जणांनी सांगितलं होतं. चौघांचंही चुकलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावावर आम्ही तीन दिवस स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी गेलो होतो. तीन दिवसांत सकाळी अकराच्या आत एक मासा लागला नाही. आणि त्या पहाटेच्या हट्टापायी पहिल्याच दिवशी गाडी, ट्रेलर, बोट आणि गाडीत बसलेला मी, सगळे मिळून तलावात जाणार होतो. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहितोय.

गळ टाकता येतो, बोट ट्रेलरवरून उतरवता येते, अंगात थर्मल आणि वरून पाणी न शिरणारा सूट आहे, हे मी धरूनच चालतो. यातलं काही नसेल तर आधी एप्रिलमध्ये जाऊन या.

आता रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात उतरवायचा काँक्रीटचा उतार. नॅशव्हिलहून पहाटे तीनला निघालो, दोन तासांत पोचलो. हवा उणे ८ अंश सेल्सियस. दिव्याच्या उजेडात उताराचं काँक्रीट नुसतं ओलं दिसत होतं. ते ओलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी बोटी बाहेर काढल्या, त्यांच्या ट्रेलरमधून गळलेलं पाणी उतारावर पसरून रात्रीत काचेसारखं गोठलं होतं. मी रिव्हर्स घेत होतो, मेहुणा मागे उभा राहून हात दाखवत होता. मागची चाकं त्या बर्फावर आली आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गाडी मागे जायला लागली. आवाज नाही, झटका नाही, नुसती शांतपणे घसरत. "दाजी, ब्रेक! दाजी, दार उघडा!" मेहुणा दोन्ही एका दमात ओरडत होता. माझा पट्टा लावलेला, काच बंद.

सहा-सात फूट घसरून गाडी थांबली. का थांबली ते नंतर कळलं. तलावाचं पाणी ८ अंशांवर होतं, त्यामुळे पाण्याखालच्या काँक्रीटवर बर्फ नव्हता. मागचे टायर पाण्यात गेले आणि तिथे त्यांनी पकड घेतली. पण वर यायचं तर मधला तो काचेचा पट्टा ओलांडायला हवा, आणि तो चारही चाकांच्या ताकदीला दाद देत नव्हता. दीड तास तसेच अडकलो. शेवटी मागून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या ट्रकमधून बादलीभर वाळू काढली, स्वतः वाकून पट्ट्यावर पसरली आणि म्हणाले, थंडीत वाळूशिवाय इथे कोणी येत नाही. मला सल्ला देणाऱ्या चौघांपैकी एकानेही वाळूचं नाव काढलं नव्हतं.

तेव्हा गाडी वर सपाटीवर उभी करा, टॉर्च घेऊन पाण्यापर्यंत चालत जा. पाय घसरला तर गाडीही घसरणार. वाळूची किंवा पाळीव मांजराच्या शौचासाठी वापरतात त्या खड्यांची एक मोठी पिशवी ट्रकमध्ये हवीच, हवीच. बूट खिळ्यांचे. रिव्हर्स घेताना पट्टा काढलेला, काच खाली. परत येताना बोट बाहेर ओढली की ट्रेलर पाण्याच्या काठालाच मिनिटभर थांबवून सगळं पाणी गळू द्या, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणी घसरणार नाही. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे दहाला या. ऊन आलं की अर्धा बर्फ आपोआप जातो.

त्या दिवशी हात इतके थरथरत होते की मासेमारी धड जमली नाही. दुसऱ्या दिवशी घाबरून गाइड केला. अर्ध्या दिवसाचे साडेतीनशे डॉलर, सकाळी सहा ते दहा. चार तासांत एकदाही ओढ नाही. धक्क्यावर उतरताना हा माणूस सांगतो, या दिवसांत मासा दुपारीच लागतो, दुपारचा अर्धा दिवस हवा असेल तर पुन्हा तेवढेच पैसे. हे त्याला सकाळी सहाला माहीत नव्हतं का? फसवणूक याहून वेगळी काय असते? गाइड घ्यायचाच असेल तर फोनवरच ठणकावून सांगा: बारा ते चार, नाहीतर नको.

दुपारीच का, याला कारण आहे. बासचं रक्त पाण्याइतकंच थंड असतं. ८ अंशांत पचन इतकं मंदावतं की एकदा खाल्लेलं त्याला बराच काळ पुरतं, आणि पळणाऱ्या भक्ष्यामागे तो शक्ती घालवत नाही. दुपारी वरचं पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने तापलं की तेवढ्यानेही तो हलतो. दुसरीकडे, त्याचं खाद्य असलेला छोटा थ्रेडफिन शॅड हा मासा अशा पाण्यात गलितगात्र होतो. पाणी ७ अंशांकडे घसरलं की तो नुसता थरथरत अधांतरी लटकतो, आणखी गार झालं की मरतो. म्हणून स्मॉलमाउथ तळाशी दडून बसलेला नसतो. उभ्या कड्यांच्या कडेला, खाली पन्नास-साठ फूट पाणी असताना, तो वरच्या दहा-पंधरा फुटांत तरंगत त्या लटकलेल्या शॅडची वाट बघतो. मी पहिल्या दिवसापर्यंत तळाला शिसं घासत होतो. सगळं वाया.

इथली पद्धत म्हणजे फ्लोट अँड फ्लाय. ती पूर्व टेनेसीतलीच. साडेनऊ फुटांचा लवचिक रॉड, चार पौंडांपर्यंत ताण सोसणारी फ्लुरोकार्बन तंगूस, एक-सोळांश औंसाचा पिसांचा किंवा केसांचा जिग (म्हणजे वजन लावलेलं, गळासकटचं नकली आमिष), आणि त्याच्या वर दहा फुटांवर पक्का बांधलेला फ्लोट. आपल्याकडे बूच बांधून गरवतात तेच, फक्त दोरा पुरुषभर उंचीहून मोठा. म्हणूनच रॉड लांब लागतो; साडेसहा फुटांच्या रॉडने दहा फुटांचं लटकणं फेकताच येत नाही. फेकायचं, जिग खाली उतरेपर्यंत थांबायचं, मग रॉडचं टोक नुसतं थरथरवायचं. फ्लोट जागचा हलता कामा नये, खालचा जिग तेवढा शहारला पाहिजे. मग पुन्हा थांबायचं. वाटतं त्याच्या दुप्पट थांबायचं.

त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आम्ही आपली बोट टाकली. आभाळ भरून आलेलं, झिमझिम पाऊस, वाऱ्याने पाण्यावर वीतभर लाटा. हेच हवामान हवं! लाट फ्लोटला हलवते आणि जिग आपोआप नाचतो. अडीच वाजता एका कड्याशी माझा फ्लोट बुडाला नाही, तो आडवा झाला. पाण्यावर नुसता कुशीवर झोपला. मासा जिग तोंडात घेऊन वर आला की खालचं वजन निघून जातं आणि फ्लोट असा पडतो. बुडण्याची वाट बघत बसलात तर तो थुंकून गेलेला असतो. मी रॉड उचलला आणि तो साडेनऊ फुटी रॉड मुठीपर्यंत वाकला. चार पौंडांच्या तंगुशीवर सात-आठ मिनिटं, तीनदा बोटीखाली गेला. जाळीत आला तेव्हा कांस्यासारखा तपकिरी, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा, मोजला तर २० इंच. मेहुणा लहान पोरासारखा नाचत होता. माझ्या बोटांना संवेदना नव्हती आणि मला त्याची पर्वा नव्हती. चारपर्यंत आणखी पाच लागले. सरळ सांगतो, थंडीत इथे येताना बाकीचे रॉड घरी ठेवा. हा एकच आणा.

२० इंची मासा सोडावाच लागतो. टेनेसीच्या बाजूला १६ ते २१ इंचांमधले सगळे स्मॉलमाउथ परत पाण्यात. दिवसाला दोनच ठेवता येतात, एक १६ इंचांहून लहान आणि एक २१ इंचांहून मोठा. तलावाचा काही भाग केंटकीत जातो, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही राज्यांचे चालू नियम आणि लायसन वाचून घ्या. उणे हवेत फोटोसाठी मासा धरून बसू नका, त्याचे कल्ले आणि डोळे गोठतात. आणि ज्याच्या नावाने लोक इथे येतात तो ११ पौंड १५ औंसांचा जागतिक विक्रमी स्मॉलमाउथ डेव्हिड हेज यांनी धरला तो ९ जुलै १९५५ रोजी. भर उन्हाळ्यात. विक्रमाच्या आशेने जानेवारीत येऊ नका.

रॉडवर तंगूस ओवतात त्या कड्यांमध्ये बर्फ धरतो. ओठांना लावायचं बाम कड्यांना चोळा, तरीही दर पाच-दहा फेकींनी टोक पाण्यात बुडवावं लागतं. हातमोज्यांचे तीन जोड हवेत, कारण ओला झालेला जोड त्या दिवसापुरता गेला.

लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. एवढ्या गार पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, हातपाय कामाचे राहतात साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला तासभर. जॅकेट नसेल तर माणूस त्या पहिल्या मिनिटातच जाऊ शकतो. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवा. २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना तो अमेरिकेचा केंद्रीय कायदाच आहे. कोरड्या कपड्यांची बॅग बोटीत ठेवा, गाडीत नाही.

तिसरा दिवस स्वच्छ उन्हाचा, पाणी आरशासारखं. छान गेला, मासा नाही. फ्लोट नुसता उभा राहतो.

फक्त एक गोष्ट त्या दिवसाची. हे धरण १९४३ साली ओबी नदीवर झालं आणि विलो ग्रोव्ह नावाचं गाव त्याखाली गेलं. पाणी इतकं नितळ की पाणबुडे जुन्या शाळेचा पाया बघायला उतरतात. कोयनेच्या शिवसागराखाली माझ्या आजीचं घर आहे. मेहुण्याला ते सांगितलं, मग बराच वेळ आम्ही दोघांनी गळ टाकला नाही.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी इंजिन उभं खाली करून आतलं पाणी पूर्ण गळू द्या, लाइव्हवेलचा, म्हणजे मासे जिवंत ठेवायच्या बोटीतल्या टाकीचा पंपही रिकामा करा. आत राहिलेलं पाणी रात्रीत गोठून पंप फोडतं. आम्ही रात्री अकराला अंगणात टॉर्च धरून ते करत होतो, आणि मेहुणा फोनवर पुढच्या आठवड्यातला पाऊस शोधत होता.