पद्मिनीला कोणतं कूलंट?

वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायला घेतली, तेव्हा रेडिएटरमधून चहाच्या चोथ्यासारखं पाणी निघालं. आमचे मेकॅनिककाका म्हणाले, "ताई, नळाचं पाणी घाला. पुण्यात कुठे बर्फ पडतोय?" पुण्यात पाणी गोठू नये म्हणून अँटिफ्रीझ लागत नाही, हे खरंच. पण या इंजिनात ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिशाच्या सोल्डरचे. इतके धातू एकाच पाण्यात राहिले की एकमेकांना खातात. मला हवी होती ती त्याला आळा घालणारी, कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) रसायनं.

नाना पेठेत गेले. पहिल्या दुकानात लाल रंगाचा 'लाँग लाइफ' डबा पुढे आला, पाच वर्षं बघायला नको म्हणे. हे कूलंट ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांवर चालणारं. आजच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरच्या गाड्यांना उत्तम. जुन्या गाड्यांत मात्र ते शिशाच्या सोल्डरला आणि काही जुन्या गॅस्केट-सीलना बाधू शकतं. ब्रिटनमधली जुन्या गाड्यांची संघटनाही अशा गाड्यांत ओएटी टाळायलाच सांगते. जुन्या गाडीला सिलिकेटवालं, आयएटी म्हणजे असेंद्रिय रसायनांवर चालणारं कूलंट बरं. ते दोनेक वर्षांत बदलावं लागतं, एवढाच त्रास.

"मग हिरवं घ्या," दुकानदार म्हणाला. पण रंग म्हणजे नुसता रंग, कंपनीच्या मर्जीने घातलेला. हिरवं ओएटीही मिळतं. डब्यावर 'सर्व गाड्यांसाठी' असं ठळक छापलेलं असतं आणि आत काय आहे ते कुठेच नसतं, याची मला भारी चीड आली. शेवटी डब्यांचे फोटो काढून घरी आले आणि एकेका कंपनीची तांत्रिक माहितीपत्रकं वाचत बसले. ज्यात सिलिकेटचा स्पष्ट उल्लेख होता, असं एक कॉन्सन्ट्रेट जुन्या ट्रक-ट्रॅक्टरचे पार्ट विकणाऱ्या दुकानात मिळालं. तिथल्या माणसाने निदान "रेडिएटर पितळी आहे का?" एवढं तरी विचारलं!

घेताना डबा कॉन्सन्ट्रेटचा आहे की आधीच पाणी मिसळलेला, हेही बघायला हवं. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातलं तर गंजरोधक फारच पातळ होतं. निम्मं ग्लायकॉल (कॉन्सन्ट्रेटमधला मुख्य द्रव), निम्मं पाणी हे प्रमाण उणे 35 अंशांच्या थंडीसाठी. आपल्याला त्याचा उपयोग नाही, उलट ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. मी एक भाग कॉन्सन्ट्रेटला दोन भाग डिस्टिल्ड वॉटर धरलं. सोसायटीच्या बोअरचं पाणी क्षारांमुळे बादच.

भरण्याआधीची धुलाई हेच खरं काम. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडला तर थेंबही येईना. काकांनी तार खुपसून गाळ उकरला, तेव्हा कुठे तांबडी धार सुटली. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, कुणीतरी केव्हाच काढून फेकला होता, आपल्याकडे ती रीतच आहे. तो नवा बसवला. पाणी स्वच्छ येईपर्यंत होज लावून धुतलं, शेवटचं धुणं डिस्टिल्डने. मग मिश्रण भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालू दिलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भर घालत राहिलो. सांडलेलं लगेच पुसलं. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी, आणि आमच्या गल्लीत कुत्री-मांजरं भरपूर.

दोन दिवसांनी खालच्या होजच्या क्लॅम्पपाशी हिरवट ओल दिसली. "बघा, पाण्याने असं झालं नसतं," काका म्हणाले. खरं तर तो सांधा आतापर्यंत गंजानेच बुजवून ठेवला होता. होज आणि क्लॅम्प बदलले. त्यानंतर एप्रिलच्या दुपारी दिवे घाट चढून सासवडला जाऊन आले. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. उरलेलं मिश्रण कॅनमध्ये भरून, वर नाव-तारीख लिहून डिकीत ठेवलंय, म्हणजे वाटेत कुठल्या ढाब्याचं पाणी घालायची वेळ यायला नको.