व्हिवा का फुटला?

"व्हिवा का फुटला हो?" हा त्या मुलींच्या पॉप ग्रुपबद्दलचा प्रश्न मला वरचेवर येतो, कारण माझ्या सुगम संगीताच्या क्लासातही मुलींचा ग्रुप आहे. विचारणारे बहुतेक चाळिशीतले. माझं उत्तर यायच्या आत स्वतःच सांगून मोकळे होतात, "पाच पोरी एकत्र आल्यावर पटतंय व्हय!"

वा! कोल्हापुरात तालमी नि मंडळं फुटलेली आपण काय कमी बघितलीत? तिथं कुणी म्हणत नाही, पुरुष एकत्र आले की असंच व्हायचं.

तर व्हिवा. २००२ साली चॅनेल व्हीवरच्या 'पॉपस्टार्स' शोमधून निवडलेल्या पाच जणी: अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, प्रतीची महापात्रा, सीमा रामचंदानी आणि महुआ कामत. 'हम नए गीत सुनाएँ' हे त्यांचं गाणं तेव्हा इथल्या केबलवर सारखं लागायचं. महुआ लवकरच बाहेर पडली, उरलेल्या चौघींचा दुसरा अल्बम २००३ मध्ये आला आणि त्यानंतर फार काळ न जाता ग्रुप संपला.

ग्रुपच्या आत काय झालं ते मला ठाऊक नाही, त्यात मला रसही नाही. पण असा ग्रुप टिकवणं किती अवघड आहे, ते मी रोज बघते. आपल्याकडं गाणं एकट्यानं शिकायचं असतं. ख्यालगायक अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात तर विचारायलाच नको. एक गाणार, बाकीचे साथ करणार. माझ्या पाच जणींना मी काळी चार या पट्टीत बसवते. दोघींनी सा धरायचा, दोघींनी ग, एकीनं प, म्हणजे पंचम. पहिली ओळ सुरेख जाते. दुसऱ्या ओळीला ग-वाल्या हळूच सा-वर उतरतात, पंचमवाली एकटी पडते आणि माझ्याकडं असं बघते, की जणू चूक तिचीच. सूर कच्चा नसतो हो त्यांचा. दुसरीचा सूर कानावर पडत असताना आपला सोडायचा नाही, ही सवयच नसते.

आता शोचं बघा. ऑडिशन एकेकटीची, निवड एकेकटीची आणि शेवटी 'आता तुम्ही ग्रुप'. हा साचा मूळ न्यूझीलंडचा, १९९९ चा. इंग्लंडात त्यातून २००१ मध्ये 'हिअरसे' निघाला. त्यात मुलंही होती. पुढच्याच वर्षी फुटला! मग २००२ च्या शेवटी तिथंच पाच मुलींचा 'गर्ल्स अलाउड' झाला आणि तो, मधली मोठी सुट्टी धरून, २०१३ पर्यंत चालला. त्या मुली काय भांडल्याच नसतील? पण त्यांच्यामागं झेनोमेनिया ही गाणी बनवणारी एकच पक्की टीम होती आणि सिनेमाशिवायची गाणी विकत घेणारा बाजार होता.

आपल्याकडं नेमका तोच बाजार बसत चालला होता. म्युझिक चॅनेलांवर सिनेमाची गाणी वाढली, कंपन्यांचा पैसा तिकडं गेला, आणि एका एमपीथ्री सीडीत शंभरावर गाणी मिळायला लागल्यावर अल्बमची कॅसेट कोण घेतंय? माझ्या मते व्हिवाला याचाच फटका बसला. पॉपस्टार्सच्या पुढच्या फेरीतून आलेल्या 'आसमा'त दोन मुलगे नि दोन मुली होत्या. तोही टिकला नाही.

गाणं मात्र थांबलं नाही. अनुष्का व्हीजे झाली, सिनेमात गायली. नेहाची 'धुनकी' तुम्हाला माहीत आहेच. 'जग घूमेया'साठी तिला फिल्मफेअर मिळालं. आसमातली नीती मोहन तर आज घराघरांत आहे.

म्हणून "मुलीला शोला पाठवू का?" असं विचारणाऱ्या पालकांना मी सांगते, पाठवा की. फक्त करारात किती वर्षांचं बांधून घेतलंय ते वकिलाला दाखवा, आणि तोवर तिला माझ्याकडं पाठवा. जूनमध्ये आमची पंचमवाली इंजिनिअरिंगला पुण्याला चाललीय, जागा रिकामी आहे.